नर्मदेच्या काठाने चालणारी रेषा

नदी हा कलावंतासाठी अवघड विषय आहे. डोंगर, वाडा किंवा वटवृक्ष यांच्यापुढे योग्य अंतरावर उभे राहिले की त्यांचा पूर्ण आकार डोळ्यांत मावतो आणि कागदावर उतरवता येतो. नदीचा मात्र कोणत्याही जागेवरून एक तुकडाच दिसतो, कारण तिचे मागचे वळण झाडीआड गेलेले असते आणि पुढचे अजून यायचे असते. नदीकाठच्या गावात सारा जन्म काढलेल्या माणसालाही ती बहुधा एका घाटावरून, एका पुलावरून आणि वर्षातील ठरावीक सणांना भेटते, त्यामुळे रोजच्या ओळखीची नदी प्रत्यक्षात फार थोडी पाहिलेली असते. ही अडचण दूर करण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे तिच्या काठाने पायी चालत जाणे.

जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) यांनी हा मार्ग वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर धरला. नर्मदा ही त्यांच्या गावची नदी होती. कच्छमधून येऊन जबलपूरला स्थायिक झालेल्या गुजराती कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता आणि शिक्षणाचा काळ सोडला तर त्यांचे आयुष्य याच शहरात कलाशिक्षक म्हणून गेले. १९७७ मध्ये ते जबलपूरहून मंडल्यापर्यंत काठाने चालत गेले आणि त्यानंतर सुट्ट्या मिळतील तसतसे पुढचे टप्पे चालत राहिले. या चालण्यातून रेखाटनांच्या वह्या भरल्या, रंगीत कागदांची चित्रे तयार झाली आणि हिंदी व गुजराती प्रवासवर्णनांची एक मालिका उभी राहिली. आपल्याच परिसरातील नदी पायी धुंडाळल्याने कलेला नेमके काय मिळते, याचे इतके स्पष्ट उदाहरण भारतात क्वचितच सापडेल.

परिक्रमेची चौकट

नर्मदेच्या काठाने चालणे ही वेगडांची कल्पना नव्हती. ती शेकडो वर्षांची धार्मिक प्रथा आहे. मध्य प्रदेशातील अमरकंटक येथे सुमारे एक हजार मीटर उंचीवर उगम पावून, विंध्य आणि सातपुडा या रांगांमधील खचदरीतून, म्हणजे भूकवचाचा मधला पट्टा खाली खचल्याने तयार झालेल्या लांबट दरीतून, नर्मदा पश्चिमेकडे वाहते आणि १,३१२ किलोमीटरांचा प्रवास करून गुजरातमध्ये भडोचच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळते. या संपूर्ण नदीला घातलेली प्रदक्षिणा म्हणजे परिक्रमा. देवळातील प्रदक्षिणेत मूर्ती जशी उजव्या हाताला राहते, तशीच परिक्रमेत नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, तिचे पात्र मध्येच कोठेही ओलांडायचे नाही, चातुर्मासात एका जागी मुक्काम करायचा आणि वाटेत मिळेल त्या भिक्षेवर किंवा सदावर्तावर निर्वाह करायचा, असे तिचे नियम आहेत. सदावर्त म्हणजे यात्रेकरूंना स्वतः शिजवून खाण्यासाठी दिला जाणारा पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा. परंपरेने या परिक्रमेचा काळ तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस असा सांगितला जातो. दक्षिण तीरावरून समुद्रापाशी पोहोचलेले परिक्रमावासी विमलेश्वराहून नावेने मुखाची खाडी पार करतात आणि उत्तर तीरावरील मिठीतलाई येथे उतरून उगमाकडे परत चालू लागतात.

कलेच्या दृष्टीने पाहिले तर हे नियम म्हणजे पाहण्याची एक कडक शिस्त आहे. नदी ओलांडायची नसल्यामुळे जवळचा रस्ता उपलब्ध असूनही चालणाऱ्याला प्रत्येक वळणाबरोबर वळावे लागते, येऊन मिळणाऱ्या उपनदीच्या मुखाशी उतार शोधावा लागतो आणि जेथे खडक थेट पाण्यात उतरतात तेथे वर चढून पुन्हा खाली यावे लागते. शिधा आणि निवारा गावकऱ्यांकडूनच मिळणार असल्यामुळे काठावरचे कोळी, नावाडी, शेतकरी, गोंड आणि भिल्ल ही माणसे केवळ दृश्याचा भाग राहत नाहीत. त्यांच्या ओसरीवर रात्र काढावी लागते, त्यांच्या चुलीचा धूर डोळ्यांत जातो आणि त्यांचे बसणे-उठणे जवळून दिसते. शिवाय पायी चालणारा माणूस तासाला चार-पाच किलोमीटरच जातो. या वेगाने समोरचा खडक आधी पुसट ठिपका असतो, मग त्याला कडा येतात, मग त्यावरचे शेवाळ आणि पुराच्या पाण्याने कोरलेले खळगे दिसू लागतात आणि शेवटी तो मागे राहतो. एकाच वस्तूची अनेक अंतरांवरील रूपे अशी क्रमाने मनात साठत जातात.

वेगडांनी ही चौकट स्वीकारली, पण ती आपल्या नोकरी-संसाराला जुळवून घेतली. सलग तीन वर्षे घर सोडणे शक्य नसल्याने त्यांनी खंड परिक्रमा, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी करायची परिक्रमा केली आणि कधी विद्यार्थी, कधी मित्र, पुढे पत्नी कांता यांना सोबत घेतले. पुण्य मिळवणे हा त्यांचा मुख्य हेतू नव्हता. नदीचे सौंदर्य आणि तिच्या काठची संस्कृती पाहणे हा होता. तरीही यात्रेकरूची रीत सोडून देण्याची गरज त्यांना वाटली नाही, कारण ‘नर्मदे हर’ म्हणत दारात उभ्या राहिलेल्या माणसाला या खोऱ्यातील घरे सहज उघडी होतात आणि हे दार केवळ प्रवासी म्हणून आलेल्याला तितक्या लवकर उघडत नाही. तुकड्यांनी चालण्याचाही चित्रकाराला एक लाभ झाला असला पाहिजे: प्रत्येक टप्प्यानंतर घरी परतून, काय पाहिले याचा विचार करून, वहीतील रेखाटनांवर काम करून मगच पुढचा टप्पा सुरू होत असे.

शांतिनिकेतनची शिदोरी

काठाने चालताना काय पाहायचे आणि ते कसे टिपायचे, हे वेगड शांतिनिकेतनात शिकले होते. १९४८ ते १९५३ या काळात ते तेथील कलाभवनात नंदलाल बोस (१८८२–१९६६) यांचे विद्यार्थी होते. भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावट नंदलाल आणि त्यांचे सहकारी करत होते तो हाच सुमार, आणि या सजावटीत उद्देशिकेचे पान सजवणारे ब्योहार राममनोहर सिन्हा हेही जबलपूरचेच.

नंदलाल यांच्या शिकवणीत स्टुडिओच्या भिंतींइतकेच महत्त्व उघड्या माळाला होते. शांतिनिकेतनचा परिसर हा लाल मातीचा, पावसाच्या पाण्याने खोल घळी पडलेला प्रदेश आहे. या घळींना तेथे ‘खोआई’ म्हणतात, आणि जवळून कोपाई नावाची लहानशी नदी वाहते, जिच्यावर रवींद्रनाथांनी कविता लिहिली. विद्यार्थ्यांनी या माळावर, संथाळ पाड्यांत आणि आठवडी बाजारात हिंडावे, झाड किंवा बैल किंवा ओझे वाहणारी स्त्री मन लावून पाहावी आणि थोड्या रेषांत उतरवावी, असा नंदलाल यांचा आग्रह असे. ते स्वतः पोस्टकार्डाच्या आकाराच्या लहान कागदांवर सतत रेखाटने करत आणि अशी कार्डे शिष्यांना व स्नेह्यांना पाठवत. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहावर त्यांनी केलेले, हातात काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचे लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या पत्र्यावर कोरून छापलेले चित्र, आजही सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यात चालणे ही क्रिया मोजक्या पांढऱ्या रेषांनी उभी केली आहे. १९३८ मध्ये गुजरातमधील हरिपुरा येथे झालेल्या काँग्रेस अधिवेशनासाठी त्यांनी केलेल्या फलकचित्रांत साध्या माणसांची रोजची कामे जाड रेषेत आणि सपाट रंगांत आली.

आणखी एक वारसा शांतिनिकेतनात पूर्व आशियातून आला. १९२४ मध्ये रवींद्रनाथांबरोबर चीन आणि जपानला गेलेल्या नंदलाल यांनी तेथील गुंडाळीचित्रे पाहिली. गुंडाळीचित्र म्हणजे फूट-दीड फूट उंचीचा आणि अनेक हात लांबीचा चित्राचा पट. तो भिंतीवर टांगायचा नसतो, तर मांडीवर किंवा बैठकीवर उजवीकडून डावीकडे हळूहळू उलगडत आणि पाहून झालेला भाग गुंडाळत पुढे जायचे असते. बाराव्या शतकातील चिनी चित्रकार झांग झेदुआन यांचे नदीकाठच्या नगराचे सुमारे सव्वापाच मीटर लांबीचे चित्र हा या प्रकाराचा सर्वांत प्रसिद्ध नमुना असून त्यातील नदी, नावा, पूल आणि बाजार पाहणाऱ्यापुढून जणू चालत जातात. शांतिनिकेतनात बिनोदबिहारी मुखर्जी यांनी आपल्या परिसराची अशी लांबलचक चित्रे केली. एका दृष्टिक्षेपात न मावणाऱ्या विषयाला कालक्रमाने, टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याची ही पद्धत नदीसाठी अगदी योग्य ठरते, आणि काठाने चालत जाणारा चित्रकार हीच गुंडाळी आपल्या पायांनी उलगडत असतो.

दोन तीर, दोन उजेड

परिक्रमेत प्रत्येक स्थळ दोनदा दिसते, एकदा या तीरावरून आणि एकदा त्या, आणि ही दोन दर्शने सारखी नसतात. त्याचे कारण नदीच्या दिशेत आहे. नर्मदा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, आणि तिचे खोरे कर्कवृत्ताच्या आसपास असल्यामुळे वर्षाचा बराच काळ, विशेषतः यात्रेच्या हिवाळी महिन्यांत, सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिण तीरावरून चालणाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे उत्तरेला, नदी असते आणि सूर्य त्याच्या पाठीशी राहतो. त्यामुळे समोरचे पाणी निळे-हिरवे आणि स्थिर दिसते, पलीकडच्या काठावरील घाटाच्या पायऱ्या एकेक करून मोजता येतात, वाळत घातलेल्या लुगड्यांचे रंग ओळखू येतात. उत्तर तीरावरून परत येताना नदी दक्षिणेला असते आणि सूर्य तिच्यावरून थेट डोळ्यांकडे येतो. तेव्हा पाण्याचा रंग नाहीसा होऊन त्या जागी चकाकी उरते, आणि होडी, नावाडी, पाण्यात उभी असलेली म्हैस, डोक्यावर घागर घेतलेली बाई हे सारे काळ्या, कडा धारदार असलेल्या आकृत्यांत बदलते. पहिल्या उजेडात रंग शिकायला मिळतो, दुसऱ्यात आकार.

जबलपूर नर्मदेच्या उत्तरेला वसले असल्याने तेथील ग्वारीघाटावर उभ्या राहणाऱ्याला दुसरा उजेडच अधिक परिचयाचा असतो. याच शहराच्या पश्चिमेला, वीस-पंचवीस किलोमीटरांवर, भेडाघाट आहे. येथे धुवांधार धबधब्यावरून नदी कोसळते, तुषारांचा धुरासारखा ढग उठतो म्हणून हे नाव पडले. आणि त्याच्या खाली संगमरवराच्या उभ्या कड्यांमधील अरुंद घळीतून ती एकदम संथ होऊन वाहते. हे कडे सरसकट पांढरे आहेत अशी समजूत असली, तरी जवळून पाहिले तर त्यांत फिकट पिवळे, करडे, निळसर आणि हिरवट पट्टे आहेत, पाण्याच्या पातळीजवळ पुरांनी घासून गुळगुळीत केलेला भाग आहे आणि वर तडे गेलेला, खरबरीत भाग आहे. सकाळी एक कडा उजळलेला आणि समोरचा सावलीत असतो, दुपारी दोन्ही झगझगीत होतात, संध्याकाळी पिवळा रंग वर चढतो, चांदण्यात सर्व तपशील पुसले जाऊन केवळ उजळ पृष्ठभाग उरतात. पर्यटक येथे होडीतून तासाभरात फेरी मारून जातो, तर काठाने येणाऱ्याला या स्थळाआधीची रुंद, वाळूची नदी आणि त्यानंतरची पुन्हा पसरलेली नदी ठाऊक असते; घळीचा अरुंदपणा त्याला सगळ्या अंगाने जाणवतो.

लोककथाही अशाच पायी पाहण्यातून घडल्या असाव्यात. अमरकंटकच्या परिसरातच शोण नदी उगम पावते आणि नर्मदेकडे पाठ फिरवून गंगेच्या दिशेने जाते. जोहिला ही तिसरी नदीही त्याच डोंगरातली. नर्मदेचे लग्न शोणाशी ठरले होते, जोहिलेमुळे ते मोडले आणि रुसलेली नर्मदा पश्चिमेकडे तोंड करून कुमारिकाच राहिली, ही कथा या खोऱ्यात सर्वत्र सांगितली जाते. एकमेकींजवळ उगम पावूनही दूर जाणाऱ्या प्रवाहांचा भूगोल या कथेने मानवी नात्यांच्या भाषेत सांगितला आहे, आणि तो भूगोल डोंगरावर हिंडल्याशिवाय लक्षात येत नाही.

वहीतील रेषा, कात्रीतील रंग

वाटेवर चित्रकाराला फार सामान नेता येत नाही. कॅनव्हास, तैलरंग आणि चित्रफलकाची घोडी पाठीवर घेऊन खडकाळ काठाने चालणे अशक्य असल्यामुळे वही आणि पेन एवढेच साधन उरते, आणि साधनांची ही टंचाई रेषेवर परिणाम करते. घाटावर कपडे धुणारी स्त्री चित्रासाठी थांबून राहत नाही. ती वाकते, पीळ देते, आपटते, पुन्हा वाकते. तिच्या चेहऱ्याचा तपशील मिळवण्याइतका वेळ नसतो, पण पाठीची कमान, कोपराचा कोन आणि खांद्यावरून सुटलेल्या पदराची धाव या तीन-चार रेषांत ती हालचाल पकडता येते. अशा झटपट रेखाटनाला हालचालीचे रेखाटन म्हणतात आणि त्यात वस्तू कशी आहे यापेक्षा ती काय करते आहे याला महत्त्व असते. वेगडांच्या पुस्तकांतून त्यांची रेखाटने मजकुराबरोबर छापलेली आहेत. थोडक्या रेषांतील यात्रेकरू, घाट, नावा आणि गावातील माणसे त्यांत आहेत आणि नंदलालांच्या कार्डांचा संस्कार त्यांवर स्पष्ट दिसतो.

घरी परतल्यावर या रेखाटनांतून जी रंगीत चित्रे तयार झाली, त्यांसाठी वेगडांनी कोलाज हे माध्यम निवडले. चिकटवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला हा शब्द, कागद, कापड किंवा छापील तुकडे चिकटवून केलेल्या चित्राला लावतात. १९१२ च्या सुमारास पॅरिसमध्ये पिकासो आणि ब्राक यांनी आधुनिक चित्रकलेत त्याला स्थान मिळवून दिले. वेगडांचे साहित्य होते नियतकालिकांची रंगीत छपाईची पाने. या तंत्रात रंग मिसळून तयार करता येत नाही, तो शोधावा लागतो. एखाद्या जाहिरातीतील आकाशाचा तुकडा पाण्यासाठी चालतो का, हे पाहण्यासाठी तो कापून इतर तुकड्यांशेजारी ठेवावा लागतो. छपाईत एका कडेला गडद आणि दुसरीकडे फिकट होत गेलेली निळाई नदीच्या खोल डोहापासून उथळ काठापर्यंतचा उतार आपोआप दाखवते, तर कापडाच्या छायाचित्रातील चुण्या उलट्या लावल्या की खडकाच्या भेगा होतात. कात्री चालवली की कड स्वच्छ येते आणि आकृती उठून दिसते; कागद हाताने फाडला की आतला पांढरा तंतू उघडा पडतो आणि ती कड फेसासारखी दिसते. एकावर एक चिकटवलेल्या कागदांची किंचित जाडीही डोळ्यांना जाणवते.

नदीकाठचे जीवन मांडण्यासाठी हे माध्यम का शोभले, याची उत्तरे वर आलेल्या गोष्टींत मिळतात. उत्तर तीरावरील उलट्या उजेडात माणसे जशी सपाट, धारदार आकृत्या होऊन दिसतात, तशीच ती कापलेल्या कागदात येतात. हरिपुऱ्याच्या फलकांतील सपाट रंगांची शिकवण येथे उपयोगी पडते. आणि तुकड्यातुकड्यांनी चाललेली नदी तुकड्यातुकड्यांनीच जोडली जाते. घाटावर न्हाणाऱ्या, दिवे सोडणाऱ्या, गाठोडी घेऊन बसलेल्या माणसांचे घोळके वेगडांच्या कोलाजांत पुन्हा पुन्हा येतात. पाणी त्यांत असते, पण माणसांच्या पायाशी; नदीचे चित्र काढताना या चित्रकाराने तिच्याकडे येणाऱ्यांचे चित्र काढले, कारण चालताना त्याला नदी या माणसांच्या सोबतीनेच दिसली होती.

चालणे हीच कलाकृती

पायी चालणे आणि कला यांचा संबंध विसाव्या शतकात दुसऱ्या टोकालाही पोहोचला. इंग्लंडमधील ब्रिस्टलचे रिचर्ड लाँग (जन्म १९४५) यांनी १९६७ मध्ये एका कुरणात सरळ रेषेत इतक्या वेळा येरझाऱ्या घातल्या की गवत दबून रेषा उमटली; तिचे छायाचित्र हीच त्यांची कलाकृती झाली. ब्रिस्टलजवळून वाहणारी एव्हन ही लाँग यांची गावची नदी. भरती-ओहोटीच्या मोठ्या फरकामुळे तिच्या काठांवर गाळाचे जाड थर साचतात आणि हा गाळ हातांनी दालनाच्या भिंतीवर थापून त्यांनी प्रचंड वर्तुळे व कमानी रंगवल्या आहेत. या शोधाला महाराष्ट्रातूनही एक सोबती मिळाला: डहाणू तालुक्यातील वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्यासह लाँग यांचे संयुक्त प्रदर्शन २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे भरले होते. मातीने सारवलेल्या पृष्ठभागावर पांढऱ्या रंगाने माणसे, जाळी आणि वाटा काढणारे म्हसे आणि नदीच्या गाळाने भिंत सारवणारे लाँग यांच्यात साधनांची आणि रेषेची जवळीक उघड होती. वेगड आणि लाँग यांच्यातील फरकही ध्यानात घेण्याजोगा आहे. लाँग यांच्या कामांत माणसे जवळजवळ दिसत नाहीत, पावलाची खूण तेवढी राहते. वेगडांच्या कामात माणसेच माणसे आहेत. निर्जन माळावरची पायपीट आणि गावागावांत आसरा घेत केलेली परिक्रमा यांतून निघणाऱ्या कलांत असा फरक पडणे स्वाभाविक आहे.

शब्दांतील नदी

चित्रांत जे मावले नाही ते वेगडांनी लिहिले. ‘सौंदर्य की नदी नर्मदा’, ‘अमृतस्य नर्मदा’ आणि ‘तीरे-तीरे नर्मदा’ ही त्यांची पुस्तके हिंदी वाचकांत प्रिय ठरली, आणि ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ या गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चित्रकाराचे हे गद्य लहान वाक्यांचे आणि दृश्यांनी भरलेले आहे. त्यात यात्रेच्या पुण्याचा हिशेब नाही. कोठे काय खाल्ले, कोणाच्या ओसरीवर झोपले, पाण्याचा आवाज कसा बदलला, कोणत्या म्हातारीने काय सुनावले याची नोंद आहे. एखादी आकृती रेखाटावी तशी माणसे चार ओळींत उभी राहतात आणि पुढच्या वळणावर मागे पडतात.

मराठी वाचकाला ही वाट अनोळखी नाही. गो. नी. दांडेकरांनी तरुणपणी केलेल्या नर्मदा परिक्रमेतून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी आली, आणि अलीकडच्या काळात जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ या पुस्तकाने असंख्य मराठी माणसांना परिक्रमेकडे वळवले. त्याआधीची परंपरा काका कालेलकरांची आहे. साताऱ्यात १८८५ मध्ये जन्मलेल्या आणि मातृभाषा मराठी असूनही गुजरातीचे मोठे गद्यकार ठरलेल्या कालेलकरांनी ‘लोकमाता’ या पुस्तकात भारतातील नद्यांवर लिहिले. गंगा, कृष्णा, गोदावरी अशा थोर नद्यांच्या या मेळाव्यात बेळगावजवळच्या मार्कंडी या लहान नदीलाही त्यांनी सखी म्हणून जागा दिली, कारण ती त्यांच्या लहानपणची नदी होती. एक मराठी माणूस आणि एक जबलपूरकर या दोघांनीही गुजराती गद्याला आपापल्या नद्या दिल्या, ही भारतीय साहित्यातील सुंदर देवघेव आहे.

पाण्याखाली गेलेल्या वाटा

वेगड ज्या काळात चालले, त्याच काळात ही नदी बदलत होती. १९७७ च्या पहिल्या टप्प्यात ते जबलपूर ते मंडला या ज्या पट्ट्यातून गेले, त्यातील मोठा भाग पुढे बरगी धरणाच्या जलाशयात बुडाला. हे धरण १९९० च्या सुमारास पूर्ण झाले. २००४ मध्ये इंदिरा सागर प्रकल्पामुळे हरसूद हे संपूर्ण गाव उठवावे लागले. सरदार सरोवर धरणाची उंची २०१७ मध्ये १३८.६८ मीटरपर्यंत नेण्यात आली आणि त्याच्या फुगवट्याने नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांच्या ३३ गावांना झळ पोहोचली. मणिबेली हे त्यांतील पहिले. वाहत्या नदीच्या जागी मैलोन्मैल थांबलेले पाणी आले, जुन्या पायवाटा, घाट आणि उतार त्याखाली गेले, आणि परिक्रमावासींना अनेक ठिकाणी काठ सोडून आतल्या रस्त्याने जावे लागू लागले.

धरणांनी पाणी आणि वीज दिली, हे खरे आहे. पण त्यांनी काय घेतले हे मोजताना घरे आणि शेते यांच्या बरोबरीने पाहण्याच्या जागाही मोजायला हव्यात. ज्या वळणावर आता चाळीस-पन्नास हात पाणी उभे आहे, तेथे एके काळी कोणत्या झाडाखाली वाटसरू बसत, बायका कोणत्या खडकावर धुणी धुवत, हे सरकारी नकाशात नसते. सौंदर्याच्या ओढीने केलेली रेखाटने आणि वर्णने अशा वेळी दस्तऐवज बनतात. हा दस्तऐवज तयार करणे हा वेगडांचा पहिल्या टप्प्यातील हेतू नसेल. पण २००२ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ते पत्नीसह पुन्हा परिक्रमेला निघाले, तेव्हा पंचवीस वर्षांपूर्वीची आणि समोरची अशा दोन्ही नद्या त्यांच्यापाशी होत्या, आणि उरलेल्या काळात नर्मदेच्या रक्षणाविषयी बोलणे त्यांनी आपले कर्तव्य मानले. जी नदी पायांनी ओळखली आहे, तिच्यातील बदल माणसाला वर्तमानपत्रातील बातमीइतका परका राहत नाही.

आपल्या गावची नदी

या साऱ्या उदाहरणातून निघणारी गोष्ट फार मोठ्या नदीची किंवा फार मोठ्या कलावंताची अट घालत नाही. परिक्रमेने वेगडांना एक बाजू धरून राहणे शिकवले, शांतिनिकेतनने लहान कागदावर झटपट टिपणे शिकवले आणि नोकरीने तुकड्यांनी चालणे शिकवले. ही तिन्ही साधने मुळा-मुठेच्या, पंचगंगेच्या किंवा नाव विसरल्या गेलेल्या एखाद्या ओढ्याच्या काठी राहणाऱ्यालाही उपलब्ध आहेत. गावाच्या पुलापासून पुढच्या पुलापर्यंतचे दोन-तीन किलोमीटरांचे अंतर एका सकाळी सहज होते. शहरातील काठावर कुंपणे, राडारोडा आणि सांडपाण्याचे नाले वाट अडवतील, दुर्गंधी येईल, आणि तेही पाहण्याचाच भाग आहे: कोणत्या ठिकाणी नाला मिळतो आणि तेथून पाण्याचा रंग कसा बदलतो, हे चालणाऱ्याच्या वहीत आपोआप नोंदले जाते. त्याच काठावर कोठे तरी खडकात खोदलेल्या जुन्या पायऱ्या, पाण्यात वाकलेले उंबराचे झाड, गळ टाकून बसलेला म्हातारा आणि बांधावर टेकलेला बगळाही असतो. महिन्यातून एकदा तोच पट्टा चालले की उन्हाळ्यातले उघडे पात्र, पावसातले गढूळ पाणी आणि कार्तिकातली निवळलेली धार यांची तुलना करता येते.

पहिल्या दिवशी वही जवळजवळ कोरीच राहील, कारण परिचयाची गोष्ट नव्याने पाहायला डोळ्यांना वेळ लागतो. त्यानंतर एखाद्या सकाळी पुढचा पूल ओलांडून समोरच्या काठाने परत यावे. सूर्य तोवर बाजू बदलून चेहऱ्यावर आलेला असतो, आणि जाताना जिचे रंग पाहिले होते ती नदी येताना काळ्या आकृत्यांची आणि चकाकत्या पाण्याची होऊन समोर वाहत असते.